खिळ्यावर बसलेली राखुंडी

राखुंडीला ‘गप्प बस’ म्हणणारी माणसं आयुष्यात इतकी भेटली, की त्यांची रांग लावली असती तर ती गावातून निघून थेट डोंगराच्या तोंडापर्यंत पोचली असती. त्यांच्यापैकी एकाचंही तिनं कधी ऐकलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

राखुंडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते शाळेत असताना पडलं. एका दुपारी गावामागच्या डोंगरानं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि वरून बारीक, करडी राख पडायला लागली. लोकांनी दारं-खिडक्या लावल्या, फटींत ओल्या चादरी कोंबल्या. आणि ही बया आईच्या स्वयंपाकघरातली होती नव्हती ती सगळी ताटं घेऊन गच्चीवर! एक ताट कठड्यावर, एक टाकीवर, एक जिन्यात. कुठल्या ताटात किती राख पडते ते तिला बघायचं होतं. संध्याकाळी ती खाली उतरली तेव्हा केस, भुवया, दात सगळं एकाच रंगाचं झालं होतं. आई शिलाई मशीनवरून उठली, तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “अगं बाई, ही कुठली राखुंडी शिरली घरात?”

मोठा भाऊ, म्हणजे दादा, पोट धरून हसला. शाळा उघडल्यावर त्यानं वर्गावर्गात जाऊन ही बातमी पोचवली आणि झालं! खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं.

आईनं ताटं घासायला लावली ते वेगळंच. घासता घासता राखुंडीला ताटांवर केसाएवढे बारीक ओरखडे दिसले आणि ती किंचाळली, “आई, ही राख नाहीच! ही काच आहे! दगड वितळून झालेली काच, पिठासारखी!”

“म्हणजे माझी ताटं कायमची खरवडलीस,” आई म्हणाली. “शाबास.”

पण त्या रात्री आईनं एक ताट न घासता तसंच ठेवलं. राखेसकट. ते राखुंडीच्या खिडकीत बरीच वर्षं होतं.

पुढे भूगर्भशास्त्राच्या कॉलेजात प्रवेशासाठी मुलाखत झाली. टेबलामागे तीन गृहस्थ. मधल्यानं चष्मा पुसत विचारलं, “यात डोंगर चढावे लागतात, माहिती आहे ना? लग्न झाल्यावर जमेल का?”

“तुमचं लग्न झालंय?” राखुंडीनं विचारलं.

“झालंय की.”

“मग तुम्हाला जमतं का?”

गृहस्थांचं पोट टेबलाला टेकलेलं होतं. बाकीचे दोघे खिडकीबाहेर बघायला लागले. प्रवेश मिळाला. बहुतेक ती पुन्हा मुलाखतीला येऊ नये म्हणून.

शिकून ती परत आली ती आपल्याच डोंगराच्या वेधशाळेत. वेधशाळा म्हणजे तळ्याकाठच्या उतारावरची एक बैठी, पत्र्याची इमारत. समोर लांबलचक व्हरांडा, खाली तळं, मागे डोंगर. प्रमुख होते साहेब. उंच, ताठ, इस्त्रीच्या शर्टाचे. त्यांनी तिला रंगीत पेन्सिलींचा डबा दिला आणि नकाशे रंगवायला बसवलं. जुना लाव्हा तांबडा, नवा लाव्हा नारिंगी, राख करडी. राखुंडीनं निमूटपणे रंगवले. निमूटपणे म्हणजे, सुट्टीच्या पहिल्या दिवसापर्यंत. त्या दिवशी आईनं पडद्याच्या जाड कापडाची, खिशांनीच भरलेली विजार शिवून दिली आणि ही एकटी विवराच्या कडेला जाऊन आली. खाली आली तेव्हा बुटांचे तळवे गरम दगडांवर मऊ होऊन चपात्या झाले होते आणि एका खिशात काळा कुळकुळीत दगड होता, अजून कोमट.

“कुणाची परवानगी घेतली होती?” साहेबांनी विचारलं.

“डोंगराची,” ती म्हणाली. “तो काही बोलला नाही.”

साहेब चिडले. पण दगड हातात घेऊन त्यांनी तो खिडकीशी नेला, भिंगाखाली धरला आणि चहा गार होईपर्यंत बघत बसले. साहेब तसे वाईट नव्हतेच, हेही सांगून टाकायला हवं. त्यांना दगड मनापासून आवडायचे, फक्त दगडांपेक्षा शिस्त जास्त आवडायची.

मग वर्षं गेली. राखुंडी दूरदूरच्या डोंगरांवर जाऊन आली. एका डोंगरानं तिच्या कोपरावर भाजल्याचा डाग दिला, दुसऱ्यानं खोकला दिला, तिसऱ्यानं तिच्या तंबूचं गाठोडं करून दरीत फेकलं. मोठ्या संस्थांनी बोलावलं, तिथल्या काचेच्या खोल्या बघून ती परत आली. “तिकडचे डोंगर छान आहेत,” ती म्हणायची, “पण ओळखीचे नाहीत.” केसांत खरीखुरी करडी बट आली तेव्हा दादा म्हणाला, “आता कुठे नावाला शोभायला लागलीस.” दादाचं तळ्याकाठी लॉज होतं. सहा खोल्या, लाकडी जेटी, जेटीला बांधलेल्या होड्या. आई त्याच्याच जवळ राहायची, तळमजल्याच्या खिडकीत मशीन टाकून.

आणि मग तो हंगाम आला, ज्यात डोंगर झोपेत कूस बदलल्यासारखा हलायला लागला.

बारीक बारीक हादरे. कपाटातल्या बश्या खुळखुळायच्या, दिवा झुलायचा. वेधशाळेनं इशारा दिला आणि तळ्याकाठची वस्ती उठवून पलीकडच्या काठावरच्या शाळेत हलवली. आई मशीनसकट एका वर्गात. दादा बाकावर गुडघे छातीशी घेऊन, कारण बाकं लहान मुलांची. आठवडेच्या आठवडे गेले, डोंगरातून साधा धूर निघेना, आणि लोक कंटाळले. वर्गातल्या फळ्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘घरी कधी?’

याचं उत्तर एका खिळ्यावर अवलंबून होतं.

हा खिळा वेधशाळेच्या व्हरांड्यात होता. फरशीत ठोकलेला पितळी खिळा, कोटाच्या बटणाएवढं गोल डोकं. साहेबांच्या गुरुजींनी तो स्वतःच्या हातानं बसवला होता आणि साहेब रोज सकाळी रुमालानं पुसायचे. डोंगराची सगळी उंची या खिळ्यापासून मोजायची. खिळा म्हणजे शून्य. खिळ्यावर मापपट्टी उभी करायची, दुर्बिणीतून आकडा वाचायचा, मग पट्टी पुढे, मग दुर्बीण पुढे, असं बेडकासारखं टुणटुण करत विवराच्या कडेपर्यंत चढायचं. तसंच खाली यायचं आणि पट्टी पुन्हा खिळ्यावर टेकवायची. जिथून निघालो तिथेच टेकलो की फेरी मिटली. फेरी मिटली नाही तर मोजणी कच्ची, आणि कच्च्या मोजणीवर वेधशाळा बाहेर चकार शब्द काढायची नाही. हा साहेबांचाच नियम, आणि तो त्यांनी जन्मात मोडला नव्हता.

एवढा खटाटोप कशासाठी? तर डोंगराच्या पोटात लाव्हा भरायला लागला की डोंगर फुगतो. फुगला की कड वर उचलली जाते. कड वर म्हणजे धोका, कड खाली म्हणजे सुटका.

साहेब, राखुंडी आणि टाचणी असे तिघं मोजत मोजत चढले. टाचणी म्हणजे हादऱ्यांचं यंत्र सांभाळणारा सहकारी. अंगानं बारीक, स्वभावानं घाबरट, मनानं सोनं. कडेवर पट्टी उभी राहिली, साहेबांनी दुर्बिणीत डोळा घातला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“गेल्या वर्षीपेक्षा हातभर खाली!” ते म्हणाले. “बसतोय! डोंगर बसतोय!”

राखुंडीनंही वाचलं. हातभर खाली. आकडा बरोबर होता, तिनंच तर पट्टी धरली होती. उतरताना टाचणी शीळ घालत होता. ठरलं असं, की उद्या सकाळी नगराध्यक्ष आणि गावकरी येतील, त्यांच्यासमोर पट्टी खिळ्यावर टेकवून फेरी मिटवायची आणि लोकांना घरी परत जायला सांगायचं.

दुपारी राखुंडी दादाच्या जेटीवर गेली. परत यायचं ठरलं की आधी होड्या ठीक आहेत का बघून ये, असं त्यानं सांगूनच ठेवलं होतं. होड्या ठीक होत्या, पण पाण्यात नव्हत्या. चिखलात कुशीवर कलंडलेल्या. जेटीचे खांब पार बुडापर्यंत उघडे पडले होते आणि त्यांच्यावर सुकलेल्या शेवाळाचा हिरवा-तपकिरी पट्टा तिच्या मांडीएवढ्या उंचीवर दिसत होता. पाणी उतरलंय, एवढंच तिच्या मनात आलं. पाऊस कमी झाला असेल. तिनं वेधशाळेची मोटरबोट काढली आणि बातमी द्यायला पलीकडच्या काठावर निघाली.

पलीकडे बोट शाळेच्या मैदानावरच जाऊन थांबली. म्हणजे अक्षरशः मैदानावर. फुटबॉलचे गोलपोस्ट गुडघाभर पाण्यात उभे होते आणि जाळीत शेवाळ अडकलं होतं.

“बघितलंस?” आई वर्गाच्या दारातून ओरडली. “तुझं तळं आमच्या उशाशी आलं! परवा कपडे वाळत घातले होते तिथे आता बदकं पोहताहेत.”

राखुंडी बोटीत उभीच राहिली. एक पाय काठावर, एक बोटीत. तिकडच्या काठावर पाणी उतरलेलं. इकडच्या काठावर पाणी चढलेलं. तळं तर एकच. पाणी काही एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर असं तिरकं बसत नाही. पाणी सपाटच असतं, मग तिरकं झालंय काय?

“अगं उतर की, पुतळ्यासारखी काय उभी?”

“आई,” ती म्हणाली, “जमीन कललीय. आपला काठ वर उचलला गेलाय. जेटी, लॉज, वेधशाळा, सगळं.” मग ती स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत ओरडली, “आणि खिळासुद्धा!”

कारण हे असं होतं बघा. खिळ्यापासून मोजली तर विवराची कड हातभर खाली गेलेली दिसली. पण कड खाली गेलीच नव्हती, खिळाच वर चढला होता! लाव्हा विवराखाली नव्हताच. तो तळ्याच्या काठाखाली, वेधशाळेच्या पायाखाली भरत होता. आकडे खरे होते, शून्यच जागेवर नव्हतं. आणि उद्या सकाळी सगळ्या माणसांना नेमकं तिथेच झोपायला पाठवायचं होतं. आईचं मशीन पुन्हा त्याच तळमजल्याच्या खिडकीत.

साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“बाई, हा खिळा गुरुजींनी ठोकलाय.”

“मला माहितीय, साहेब.”

“वेधशाळेचा प्रत्येक आकडा यावर उभा आहे. माझं सगळं आयुष्य यावर उभं आहे. आणि तुम्ही बदकं बघून आलात आणि सांगताय की तो हलला?”

“बदकं नाही, गोलपोस्ट. पलीकडच्या काठावर शाळेजवळ तो म्हातारा कातळ आहे ना, तो डोंगराच्या टप्प्याबाहेर आहे. तिथून मोजू. एकदाच.”

“नगराध्यक्षांना शब्द दिलाय. उद्या फेरी मिटेल. विषय संपला. आणि तुम्ही जरा गप्प बसायला शिका.”

झालं! म्हणजे शेवटी साहेबही त्या रांगेत जाऊन उभे राहिले.

सकाळी व्हरांड्यासमोर ही गर्दी! शाळेत राहून आंबलेली माणसं, गाठोडी बांधून थेट घरी जायच्या तयारीत. नगराध्यक्ष नवा कोट घालून. दादा सगळ्यात पुढे, हातात लॉजच्या किल्ल्यांचा जुडगा. टाचणी पट्टी घेऊन आला, साहेबांनी दुर्बीण तिवईवर बसवली आणि म्हणाले, “पट्टी खिळ्यावर.”

राखुंडी पुढे झाली, खिळ्याजवळ गेली आणि त्याच्यावर बसली.

अशी तशी नाही. चांगली मांडी घालून, पडद्याच्या कापडाची विजार नीट सावरून, खिळा बरोबर बुडाखाली येईल असं ठाण मांडून बसली.

“मॅडम,” टाचणी कुजबुजला, “मॅडम, पट्टी.”

“टेकव की कुठे टेकवायची ती. माझ्या डोक्यावर टेकव.”

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. “बाई, उठा.”

“फेरी मिटली नाही तर वेधशाळा बोलत नाही. तुमचाच नियम ना? मग फेरी मी मिटू देणार नाही. पलीकडच्या कातळापासून मोजणी आणा, मग उठते.”

“उद्यापासून कामावर येऊ नका!”

“नाही येणार. आजपासून इथेच बसून असणार, तर येण्याचा प्रश्नच नाही.”

नगराध्यक्ष कोटाचं बटण चाचपत म्हणाले, “अहो, हा काय पोरखेळ? चार माणसं बोलवा, उचला यांना.”

“उचला,” राखुंडी म्हणाली. “पण सांगून ठेवते, मी चावते.”

आता दादाचा संयम सुटला. तो तरातरा व्हरांड्यात चढला आणि सगळ्या गावासमोर ओरडला, “राखुंडे! लाज वाटत नाही? माझं लॉज बंद पडलंय, होड्या चिखलात सडताहेत, आई मुलांच्या बाकावर झोपून पाठ धरून बसलीय, आणि तू इथे खिळ्यावर अंडी उबवतेस?”

“होड्या चिखलात का आहेत, दादा?”

“का म्हणजे? पाणी उतरलंय म्हणून!”

“आणि शाळेच्या मैदानात काय आहे?”

“पाणी! माहितीय तुला. चढलंय तिकडे...”

दादा बोलता बोलता थांबला. तोंड उघडंच. त्यानं खाली जेटीकडे बघितलं, मग तळ्यापलीकडे बघितलं, मग परत जेटीकडे. गर्दीतली कुजबुज एकेका ठिकाणी विझत गेली. कारण प्रत्येकानं दोन्ही काठ बघितले होते. सकाळी गोलपोस्टांमधून वाट काढत पलीकडच्या काठाच्या होड्यांत चढले आणि इकडे चिखल तुडवत उतरले. बघितलं सगळ्यांनी होतं, फक्त दोन्ही काठ एकदम कुणी बघितले नव्हते.

“एकाच तळ्यात?” दादा हळूच म्हणाला.

तेवढ्यात गर्दीतून आई आली. हातात कात्री, कारण ती बांधाबांध करताना कात्री नेहमी हातातच ठेवायची. तिनं राखुंडीकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि गुडघ्यांवर हात टेकत राखुंडीशेजारी फरशीवर बसली.

“आई, तुला कळलं का मी काय म्हणतेय ते?”

“अर्धं कळलं,” आई म्हणाली. “पण हे तुला उचलणार म्हणताहेत. आधी मला उचलू दे. माझी पाठ आधीच धरलीय, बघू कोण जबाबदारी घेतंय.”

कुणीच घेतली नाही. आणि मग, ज्याच्याकडून अजिबात अपेक्षा नव्हती तो टाचणी घसा साफ करत बोलला. “साहेब, एक सांगू का? हादरे... मला हादरे विवराखाली दिसतच नव्हते. ते इथेच दिसत होते, तळ्याच्या काठाखाली. मला वाटलं यंत्र बिघडलंय. मी ते दुरुस्तीला पाठवायला बांधून ठेवलंय.”

“इथे म्हणजे कुठे?” नगराध्यक्षांनी विचारलं.

टाचणीनं बोट खाली केलं. नगराध्यक्ष आपल्या बुटांकडे बघत एक पाऊल मागे सरकले, जणू त्या एका पावलानं फरक पडणार होता.

साहेब पायऱ्या उतरले, जेटीपर्यंत गेले आणि इस्त्रीच्या शर्टासकट चिखलात उतरले. खांबाजवळ उभे राहून त्यांनी सुकलेल्या शेवाळाच्या पट्ट्यावर तळहात ठेवला. वर आले तेव्हा विजारीचे पाय घोट्यापर्यंत काळे झाले होते.

“टाचणी,” ते म्हणाले, “बोट काढा. दुर्बीण मी घेतो. पट्टी पण मीच घेतो.”

“मी येऊ?” राखुंडीनं विचारलं.

“तुम्ही बसा तिथेच,” साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात राग नव्हता. “कुणाला हलवू देऊ नका.”

वारा पडल्यावर तळं काचेसारखं स्थिर झालं, तेव्हा त्यांनी मोजलं. तळं म्हणजे केवढी मोठी सपाट पट्टी! पलीकडचा कातळ पाण्यापासून किती उंच, इकडचा खिळा पाण्यापासून किती उंच. जुन्या नकाशावर गुरुजींनी दोघांची उंची लिहून ठेवली होतीच. राखुंडी आणि आई तोवर खिळ्यावर आळीपाळीनं बसल्या, आणि दादानं त्यांना चहा आणून दिला. कुणाशी न बोलता, पण तिच्या कपात साखर जास्त, तिला आवडते तशी.

साहेब परत आले आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसले. ताठ नाही, साधे, थकलेल्या माणसासारखे.

“हातभर,” ते म्हणाले. “खिळा हातभर वर आलाय.”

राखुंडी उठली. पायांना मुंग्या आल्या होत्या, त्यामुळे विजयी वीरासारखं उभं राहायचं होतं ते जमलं नाही. आईला धरून लंगडत उभी राहिली. ‘बघा, मी म्हणत होते’ असं म्हणायची तिला भयंकर इच्छा झाली. ती तिनं गिळली. जन्मात पहिल्यांदाच, आणि तेही फक्त साहेबांच्या चिखलानं माखलेल्या पायांकडे बघून. लोक गाठोडी उचलून परत होड्यांकडे गेले. आनंदानं नव्हे, पण गेले. त्याच दिवशी वेधशाळेची यंत्रंही पलीकडे गेली.

नवा चंद्र मोठा व्हायच्या आत, एका लख्ख दुपारी, जेटीजवळचं पाणी दुधासारखं पांढरं झालं. मासे उलटे तरंगायला लागले. मग वाफ, आणि मग असा आवाज, की पलीकडच्या वर्गातली फळ्यावरची अक्षरं खडूच्या भुकटीत गळून पडली. तळ्याचा काठ फाटला होता. बरोबर लॉजखाली. काळा, गाठाळ लाव्हा जेटी गिळत पाण्यात उतरला आणि वेधशाळेचा पत्रा पतंगासारखा उडाला. डोंगराच्या तोंडातून, तुम्हाला खरं वाटणार नाही, साधा धूरही नाही. सगळे पलीकडच्या काठावरून बघत होते. सगळे, एकूण एक.

दादा कातळावर उभा होता. लॉजच्या किल्ल्या अजून हातात.

“झालं तुझं खरं,” तो म्हणाला. “खूश?”

“नाही.”

“मग थोडी तरी खूश हो ना! नाहीतर माझं लॉज कशासाठी गेलं?” त्याचा आवाज मध्येच चिरकला. राखुंडीनं त्याच्या हातातून जुडगा घेतला, एक किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि बाकीचा परत दिला.

“ही कशाला?”

“सहावी खोली. माझी. जिथे बांधशील तिथे.”

“कुलूपच उरलं नाही, राखुंडे.”

“मग किल्लीला साजेसं कुलूप कर. मी मोजून देते.”

“दोघंही जरा गप्प बसाल?” आई खालून म्हणाली. ती राखेच्या पावसात उभी होती आणि तिनं डोक्यावर ताट धरलं होतं. डोकं झाकायला धरलं होतं की आणखी कशासाठी, ते तिलाच ठाऊक.

तेवढ्यात साहेब आले. इस्त्रीचा शर्ट करडा झालेला, खांद्यावर मापपट्टी, मागून टाचणी तिवई ओढत. पुन्हा उंच्या मोजायच्या होत्या, पहिल्यापासून. साहेब राखुंडीसमोर थांबले, जरा घुटमळले, आणि मग एखाद्या विद्यार्थ्यासारखं त्यांनी विचारलं, “बाई, शून्य कुठे धरायचं?”

राखुंडीनं पायाखालच्या म्हाताऱ्या कातळाकडे बघितलं. टणक, शांत, किती काळापासून जागचा न हललेला. तिनं बुटाच्या टाचेनं त्याला एक टोला दिला.

“आज इथे,” ती म्हणाली. “पण याच्यावरही नजर ठेवायची. हा हलला तर कळलं पाहिजे. टाचणी, अजून लांब, टेकडीमागे कुठला दगड आहे? चला, तिथून सुरू करू.”

“आत्ता? या राखेत?” टाचणी कळवळला.

“हो, आत्ता!” राखुंडी म्हणाली, आणि पट्टी उचलून चालायलाही लागली. चार पावलांतच ती भुवयांपासून बुटांपर्यंत एका रंगाची झाली होती.